भीतीचे विसर्जन कोण करणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा, लेकरांचा पोळा लाकडी बैलांचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा सण आमच्या वाशीममध्ये नागपूरच्या थाटाने होत नसेल, पण होतो. चाकांवर उभा केलेला लाकडी नंदी, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ आणि पुढे दोरी धरून ऐटीत चालणारा पाच-सहा वर्षांचा धनी. दारोदारी त्या बैलाला ओवाळले जाते आणि धन्याच्या हातावर बोजारा ठेवला जातो. लाकडाच्या ठोकळ्यापुढे निरांजन धरणाऱ्या गृहिणीला पाहून शहाणे खुशाल हसोत. त्या लेकराच्या लेखी तो बैल जिवंत असतो, आणि घरातील मोठी माणसे त्या मायेचा मान राखतात, एवढाच त्या ओवाळण्याचा अर्थ.

गेल्या तान्ह्या पोळ्याला माझ्या थोरल्या भावाची आठ वर्षांची नात बैलाची दोरी हातात घेईना. आदल्या वर्षी हाच बैल घेऊन ती सारी गल्ली हिंडली होती. पुष्कळ विनवण्या झाल्यावर तिने हळूच विचारले, ‘‘लहान आबा, हा रात्री चालतो का?’’

त्या प्रश्नाचा उलगडा सायंकाळी झाला. धान्याच्या कोठीवर वरवंटा कोणी ठेवला म्हणून वहिनींनी झाकण उघडले, तर आत ज्वारीत पुरलेली चिंध्यांची बाहुली. ही बाहुली माझ्या आईने आपल्या जुन्या नऊवारी पातळाची शिवली होती. आई गेली, त्यानंतर ही मुलगी त्या बाहुलीला कुशीत घेतल्याशिवाय कधी झोपली नव्हती. त्याच बाहुलीला तिने आदल्या रात्री कोठीत कोंडले आणि ती बाहेर येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला वरवंटा उचलून झाकणावर ठेवला. कारण काय? तर हातात सुरा घेऊन रात्री घरभर फिरणाऱ्या बाहुलीची चित्रफीत तिने मोबाइलवर पाहिली होती.

आता हा मोबाइल कोणाचा, हेही सांगितले पाहिजे. तो माझा होता. पोळ्याच्या दिवशी दुपारी मी पोळ्याच्या परंपरेवरच एक लेख लिहीत बसलो होतो. पोर सारखी येऊन काहीतरी विचारत होती. ती गप्प बसावी म्हणून मीच तिच्या हाती तो दिला. परंपरेवरचा लेख वेळेवर पूर्ण झाला आणि परंपरा मात्र कोठीत कोंडली गेली. पुढे जे लिहितो आहे ते या अपराधाची जाणीव ठेवूनच लिहितो आहे. वाचकांपैकी ज्यांनी असा अपराध केलेला नाही त्यांनी मला अवश्य दोष द्यावा. अशांची संख्या फार मोठी असेल असे वाटत नाही.

स्वस्त भीतीचा व्यापार

खेळणे जिवंत होते आणि माणसे मारते, या कल्पनेवर पाश्चात्त्य चित्रसृष्टीत एक स्वतंत्र शाखाच उभी आहे. बोलक्या बाहुलीची भीती तेथे जुनीच आहे. १९४५ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘डेड ऑफ नाइट’ या चित्रपटात ती होती, १९६३ साली अमेरिकेतील ‘ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागातही होती. परंतु तिचा खरा बाजार मांडला गेला तो १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या चित्रपटाने. पोलिसांच्या गोळीने मरणारा एक खुनी खेळण्यांच्या दुकानात शिरतो, मंत्र पुटपुटून आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला एका लहान मुलाच्या घरी येऊन पोहोचतो, अशी ती कथा. पुढच्याच वर्षी ‘पपेट मास्टर’ निघाला. तो तर चित्रगृहांसाठी नव्हे, थेट व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांसाठी बनवला होता.

निर्मात्यांना खेळण्याचीच ओढ का, याचे उत्तर कलेपेक्षा हिशेबाच्या वहीत सापडते. बाहुलीला मानधन द्यावे लागत नाही, तिच्या तारखांचा घोळ नसतो. एक घर, एक रात्र, दोन-चार नवखे नट आणि एक बाहुली एवढ्या भांडवलावर चित्रपट उभा राहतो. २०१४ च्या ‘ॲनाबेल’चा निर्मितिखर्च सुमारे ६५ लाख डॉलर होता आणि जगभरातील उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या पुढे गेले. हा नफा पाहिल्यावर बाहुल्यांची रांग का लागली हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

न्यायाने बोलायचे तर मूळ ‘चाइल्ड्स प्ले’त एक विचार होता. दूरचित्रवाणीवरील जाहिराती लहान मुलांच्या मनात एखाद्या खेळण्याची हाव कशी उत्पन्न करतात आणि ती पुरवताना एकट्या कष्टकरी आईची कशी ओढाताण होते, हे त्यात दाखवले होते. ऐपत नसल्यामुळे ती माउली रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडून तो बाहुला स्वस्तात घेते आणि तेथून अनर्थ सुरू होतो. २०२३ च्या आरंभी जगभर गाजलेल्या ‘मेगन’मध्येही पोरक्या भाचीला वेळ देता येत नाही म्हणून मावशी तिला यंत्रबाहुली बनवून देते. म्हणजे मुलाला सांभाळायला माणूस न देता वस्तू दिली की काय होते, हे या धंद्यातील जाणत्यांनाही ठाऊक आहे. पण त्यांच्या मागून निघालेल्या शेकडो स्वस्त नकलांनी यातला विचार तेवढा टाकून दिला आणि सुरा ठेवून घेतला.

या व्यापाराचे आणखी एक लक्षण ध्यानात घ्यावे. यातले भूत कधी संपत नाही. ‘चाइल्ड्स प्ले’चा तो बाहुला १९८८ साली जळाला, तरी १९९० साली परत आला. मग १९९१, १९९८, २००४, २०१३, २०१७ असा येतच राहिला, आणि २०२१ पासून तीन वर्षे मालिकेतूनही आला. ‘पपेट मास्टर’चे तर डझनाहून अधिक भाग निघाले. प्रत्येक चित्रपटाच्या अखेरीस खेळण्याचे डोळे पुन्हा उघडतात, हात पुन्हा हलतो. प्रेक्षकाने घरी जाताना भीती सोबत न्यावी आणि पुढच्या भागाचे तिकीट काढावे, अशी ती योजना असते. भीती संपली तर धंदा बसेल. म्हणून बाजाराच्या भीतीला आवाहन आहे, विसर्जन नाही. माझा या चित्रपटांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

आमच्याकडच्या बाहुल्या

निर्जीव वस्तूत प्राण येतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. ती आपल्या घरचीच आहे. भाद्रपदात मातीच्या मूर्तीत आपण प्राणप्रतिष्ठा करतो, तिला नैवेद्य दाखवतो आणि ठरलेल्या दिवशी पाण्यात सोडतो. मूर्ती विरघळताना घरातील लहान मूल रडते, कारण त्याचा जीव जडलेला असतो. पण ते घाबरत नाही. आलेले परत जायचे असते, हे त्याला त्या पाण्याच्या काठावरच कळते. ज्या समाजाला आवाहन कळते त्याला विसर्जनही कळले पाहिजे, हा आपल्या पूर्वजांचा दंडक होता.

वऱ्हाडातील भुलाबाई पाहा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाई-भुलोबापुढे बसून गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. शंकर-पार्वतीच त्या बाहुल्यांच्या रूपाने माहेरी आलेली असतात. अंधार पडल्यावर मातीच्या दोन बाहुल्यांभोवती मुली जमतात, आणि त्यातल्या एकीलाही भीती वाटत नाही. सिंहासनबत्तिशी पाहा. विक्रमादित्याच्या सिंहासनावरच्या बत्तीस पुतळ्या बोलतात, पण त्या राजा भोजाचा गळा धरत नाहीत. ‘या आसनावर बसण्याइतके औदार्य तुझ्यापाशी आहे का,’ असा प्रश्न त्या विचारतात. आपल्या कथेतली पुतळी माणसाला अडवते ती त्याने स्वतःला तपासून पाहावे म्हणून.

कोणी म्हणेल, हे सगळे गोड गोड झाले, तुमच्याकडे भीतिदायक बाहुल्या नव्हत्याच काय? होत्या, आणि चांगल्या घराएवढ्या उंच होत्या. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची ही परंपरा. विक्राळ तोंडाच्या त्या प्रचंड पुतळ्यांपुढे मूल दचकते, बापाच्या खांद्यावर चढते. पण मारबतीचे काम काय? गावातील रोगराई, इडापीडा, वाईट वासना साऱ्या आपल्या अंगावर घेऊन तिने गावाबाहेर जायचे आणि तेथे जळून जायचे. तिच्याबरोबर निघणाऱ्या बडग्यांवर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत साऱ्याचा समाचार घेतलेला असतो. मूल सकाळी भ्यालेले असते, दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत त्या भीतीची राख होते आणि सायंकाळी ते लाकडी बैल घेऊन निघते. दसऱ्याच्या रावणाचेही तेच. एकाच दिवसात भीतीचे आवाहन आणि विसर्जन दोन्ही उरकणारी ही रीत ज्यांनी बसवली त्यांना बालमन कळत होते, यात शंका नाही.

तात्या विंचूचा खटला

येथे मराठी चित्रपटाचा विषय निघणारच. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. मरणाऱ्या गुंडाने मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरावे ही मध्यवर्ती कल्पना सरळ ‘चाइल्ड्स प्ले’वरून उचललेली होती, हे झाकण्यात अर्थ नाही. तिची हिंदी आवृत्ती ‘खिलौना बना खलनायक’ नावाने १९९५ साली निघाली. १९९६ साली हिंदीत त्याच विलायती कल्पनेवर ‘पापी गुडिया’ आला. यातल्या ‘पापी गुडिया’चे नाव आज कोण काढते? ‘झपाटलेला’ मात्र तीस वर्षांनंतरही घरोघरी पाहिला जातो. २०१३ साली त्याचा त्रिमितीतला दुसरा भाग आला. एक नक्कल विसरली गेली आणि दुसरी मराठी माणसाच्या बोलण्यात रुजली, याचे कारण शोधले पाहिजे.

कारण असे की, येथे बाहुला विलायती राहिला नाही. तात्या विंचू घडवला आणि नाचवला तो रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी बोलक्या बाहुल्यांची कला मराठी रंगमंचावर आणली. त्यांचा अर्धवटराव आज शंभरी ओलांडून तिसऱ्या पिढीच्या हातावर बसून बोलतो आहे. दिलीप प्रभावळकरांनी तात्याला आवाज दिला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्याच्यापुढे भेदरलेला, तरीही साऱ्यांना हसवणारा लक्ष्या उभा केला. आई, प्रेयसी, गाव, हवालदार असा सारा मराठी गोतावळा त्या बाहुल्याभोवती होता. प्रेक्षक भीतीने ओरडत आणि दुसऱ्या क्षणी हसत. भीतीवर हशाचे पाणी पडत होते. हेही एक प्रकारचे विसर्जनच होते.

पाध्ये यांचीच आणखी एक बाहुली महाराष्ट्राला ठाऊक आहे. लिज्जत पापडाच्या जाहिरातीत खिदळणारा तो ससा. ज्या हातांनी तात्या विंचूचे डोळे वटारले त्याच हातांनी तो ससाही हसवला. बाहुलीला स्वतःचा स्वभाव नसतो. तिचा स्वभाव तिच्यात घातलेल्या हाताचा असतो, हे समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

तथापि ‘झपाटलेला’तही एक गोष्ट खटकते आणि ती नमूद केली पाहिजे. गुंडाला आत्मा हलवण्याची किल्ली मिळते ती एका ‘बाबा’कडून आणि त्या मंत्राचे नाव ‘मृत्युंजय’. मूळ इंग्रजी चित्रपटातील वूडूच्या जागी ते आले. मृत्युंजय मंत्र ज्या घरात आजारी माणसाच्या उशाशी श्रद्धेने जपला जातो त्या घरातल्या माणसाला हा थिल्लरपणा रुचणार नाही. परंतु एवढ्यासाठी मोर्चा काढा, बंदी घाला, अशी मागणी मी करणार नाही. तसे का, हे सांगण्यासाठी त्याच १९९३ सालातील एक परदेशी घटना सांगतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमधील लिव्हरपूलजवळ दहा-दहा वर्षांच्या दोन मुलांनी एका दोन वर्षांच्या बालकाची हत्या केली. सारा देश हादरला. खटल्याचा निकाल देताना न्यायाधीशांनी हिंसक व्हिडिओपटांचा उल्लेख केला आणि वृत्तपत्रांनी ‘चाइल्ड्स प्ले’च्या तिसऱ्या भागालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. प्रत्यक्षात त्या मुलांनी तो चित्रपट पाहिल्याचा पुरावा पोलिसांना मिळाला नाही. पुढच्या वर्षी तेथे व्हिडिओफितींचा कायदा कडक झाला, आणि तो करण्याला माझा विरोध नाही. पण एक निर्जीव बाहुला दोषी ठरल्यामुळे त्या मुलांची विस्कटलेली घरे, शाळा बुडवून दिवसभर रस्त्यावर भटकणारे त्यांचे बालपण आणि त्या बालकाला ओढत नेताना पाहूनही पुढे निघून गेलेले कितीतरी मोठे लोक, यांच्याकडे बोट दाखवण्याचे काम सोपे राहिले नाही. आपण सांस्कृतिक आक्रमणाच्या नावाने हाकाटी करतो तेव्हा आपल्याकडूनही हेच घडते. शत्रू परका आणि लाकडाचा असला की घरातल्या जिवंत माणसांची चौकशी टळते.

दारावर टांगलेली बाहुली

म्हणून आता ती चौकशी करू. पोरीची भीती घालवण्यासाठी मी तिला ठणकावून सांगितले, ‘‘बाहुलीत काही नसते.’’ तिने बोट उचलून आमच्या नव्या बांधकामाच्या चौकटीकडे दाखवले. तेथे दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली उलटी टांगलेली होती. ‘‘मग ती कशाला लावली?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाचकांपैकी कोणापाशी असेल तर त्यांनी ते आपल्या घरच्या लेकरांना द्यावे. एका हाताने आपण मुलांना सांगतो की बाहुली निर्जीव आहे, आणि दुसऱ्या हाताने घरावर, ट्रकवर, दुकानाच्या फळीवर तीच टांगतो. बाहुलीला टाचण्या टोचून दूरच्या माणसाचा घात करता येतो, मूठ मारता येते, भानामती करता येते, या समजुती वऱ्हाड-मराठवाड्यातून अजून समूळ गेलेल्या नाहीत. या समजुतींपायी निरपराध स्त्रियांना करणी करणारी ठरवून मारहाण झाली, गावातून हाकलले गेले. अखेर महाराष्ट्राला २०१३ साली नरबळी, जादूटोणा व अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला. त्या कायद्याच्या मसुद्यावर कितीही वाद झालेले असोत, करणीच्या संशयावरून एखाद्या म्हातारीला दगड मारणाऱ्याच्या बाजूने कोणीही श्रद्धावंत हिंदू उभा राहू शकत नाही. श्रद्धेने मूर्तीत प्राण घातला जातो; भयाने बाहुलीत भूत घातले जाते. या दोहोंतला भेद आपल्यालाच सांगता येत नसेल, तर परदेशी चित्रपटाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

आणि हाच भेद न कळल्यामुळे तो चित्रपट आपल्याकडच्या मुलाच्या मनात दुपटीने रुजतो. अमेरिकेतील मूल तो पाहून घाबरते, पण त्याच्या दारावर उलटी बाहुली टांगलेली नसते. आमच्या पोरीला पडद्यावर जे दिसले त्याला चौकटीवर साक्षीदार मिळाला.

चौकीदार कोठे आहे?

कायदा कुठेच नाही असे म्हणता येणार नाही. प्रौढांसाठीचे चित्रपट दूरचित्रवाणीवर सर्रास दाखवले जात, त्याविरुद्ध मुंबईतील एका प्राध्यापिकेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २००५ साली न्यायालयाने त्या प्रकाराला पायबंद घातला. एक शिक्षिका निर्धाराने उभी राहिली तर काय होते याचे ते उदाहरण आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी इंटरनेटवरील चित्रपटांना व मालिकांना वयोगटाची वर्गवारी आणि पालकांच्या हाती कुलूप देणे बंधनकारक केले. २०२३ साली चलच्चित्र कायद्यात दुरुस्ती होऊन पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याच्या चित्रपटांचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन गट झाले. कागदावर सारे यथास्थित आहे.

परंतु आमच्या पोरीने चित्रपट पाहिलाच नव्हता. तिने पाहिले होते त्याचे दहा मिनिटांचे सार. कोणीतरी साऱ्या चित्रपटातील भयंकर तेवढे प्रसंग जोडून, वर हिंदीत कथा सांगून बनवलेली ती फीत होती. अशा फितीला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. जो चित्रपट मायदेशात सतरा वर्षांखालील मुलाने एकट्याने पाहू नये असा ठरला, त्याचा अर्क आठ वर्षांच्या मुलीला फुकट मिळतो आणि एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते. पूर्वी आमच्या भागात जत्रेतल्या तंबूत भुताचा चित्रपट लागे तेव्हा शेजारी काका बसलेला असे. मूल भ्याले तर त्याच्या धोतराच्या सोग्यात तोंड लपवी. नव्वदच्या दशकात व्हिडिओ भाड्याने आणला जाई तेव्हा सारी गल्ली एका खोलीत कोंबलेली असे. भीती सामायिक होती, म्हणून ती वाटली जाऊन कमी होई. आज पाच इंची पडद्यासमोर मूल एकटे आहे. मी शेजारच्याच खोलीत होतो आणि तरीही ते एकटे होते.

सरकारने अशा फितींवरही वयाची वर्गवारी लागू करावी, ही मागणी झालीच पाहिजे आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनी लोकप्रतिनिधींकडे लेखी न्यावी. परंतु दिल्लीचा नियम वाशीमच्या माजघरात पहारा द्यायला येत नाही. तो पहारा घरच्या माणसालाच द्यावा लागतो.

करण्याजोगे काही

केवळ हळहळ व्यक्त करून लेख संपवणे हा आम्हा पत्रकारांचा जुना रोग आहे. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, मूल भ्याले असेल तर त्याला दरडावू नये आणि त्याच्या भीतीला हसूही नये. ‘काय पाहिलेस ते मला दाखव’ म्हणून शेजारी बसावे, आणि तो हात यंत्राने हलतो, तो आवाज नटाचा आहे, हे त्याला उलगडून दाखवावे. दुसरी, बालवर्गांतून, गणेशोत्सवांतून आणि उन्हाळी शिबिरांतून मुलांना बाहुल्या करायला शिकवाव्यात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जतन केल्याबद्दल २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या आणि विसरलो. ज्या मुलाने स्वतः बाहुलीच्या पोटात हात घातला आहे, सूत ओढून तिला नमस्कार करायला लावले आहे, त्याला पडद्यावरची बाहुली फार काळ भिववू शकत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. आपापल्या चौकटीवरची ती उलटी काळी बाहुली उतरवावी.

आमच्या घरची उतरवली. वहिनींना ते प्रथम रुचले नाही. बांधकाम पुरे होईपर्यंत तरी राहू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी नातीच्या तोंडाकडे पाहिले आणि स्वतःच स्टूल आणून दिले.

त्यानंतर कोठीतली बाहुली काढली. पोरगी चार हात लांब उभी राहिली. वहिनींनी बाहुलीच्या पाठीची शिवण उसवली आणि आत काय आहे ते पाहायला तिला बोलावले. आत माझ्या आईच्या पातळाच्या चिंध्या होत्या, काही अंजिरी, काही हिरव्या. हिरवे पातळ तिला आठवत होते. पणजी ते नेसून देवळात न्यायची, असे ती म्हणाली. तिने एकेक चिंधी बाहेर काढून मोजली, पुन्हा आत भरली आणि वहिनींकडून सुई घेऊन दोन टाके स्वतः घातले. ते वाकडे आहेत आणि तसेच राहू दिले आहेत. त्या रात्री बाहुली तिच्या कुशीत होती.

येत्या पोळ्यापर्यंत तिला लाकडी बैलाचीही पाठ खिळे काढून पाहायची आहे. खुशाल पाहू दे. तेवढा वेळ तिच्याजवळ बसायचे, एवढे तरी या लहान आबाला जमले पाहिजे.